खिडकीची कड

धामणगाव रेल्वेच्या फलाटावर थांबलेल्या गाडीचा वातानुकूलित डबा नीट पाहिला, तर एखाद्या खिडकीच्या दोन काचांच्या मध्ये पांढुरके धुके धरलेले दिसते. कधी तळाशी बोटभर पाणी साचलेले असते आणि गाडी हलली की ते हिंदकळते. आतला प्रवासी रुमालाने काच पुसतो, बाहेरून सफाई कामगार पुसतो, धुके मात्र जिथल्या तिथे राहते, कारण ते आतही नाही आणि बाहेरही नाही. दोन काचांमधली जी जागा कायमची कोरडी आणि बंद राहायला हवी होती, तिथे हवा शिरली आहे आणि हवेबरोबर ओल शिरली आहे. काच फुटलेली नाही, तडकलेली नाही, तिला ओरखडासुद्धा नाही. गेली आहे ती फक्त कड. अशीच दुहेरी काचेची खिडकी आता अमरावती, अकोला, नागपूरच्या नव्या बंगल्यांत बसू लागली आहे आणि ले-आउटमधल्या घरांचे नकाशे काढताना ती मागितली जाऊ लागली आहे. ऊन अडेल, आवाज अडेल, धूळ अडेल, विजेचे बिल उतरेल, असे ती बसवणारा सांगतो. ती बिघडल्यावर काय करायचे हे सहसा कोणी सांगत नाही. वऱ्हाडातल्या घराची खिडकी जेव्हा त्रास देते, मग ती एकेरी काचेची असो वा दुहेरी, तेव्हा दोष बहुतेक वेळा तावदानात नसतो. तो कडेला असतो: रबरात, रुळात, चौकटीत, भिंतीच्या सांध्यात, आणि खिडकीच्या बाहेर नसलेल्या सावलीत. म्हणून खर्च आधी तिथे झाला पाहिजे. नवी काच त्यानंतर.

दुहेरी काच म्हणजे काय हे आधी समजून घेतले पाहिजे, कारण ती जशी बनते तशीच ती बिघडते. दोन तावदानांच्या मध्ये चारही बाजूंनी एक पोकळ पट्टी बसवलेली असते. मधले अंतर बहुधा १२ मिलिमीटरच्या आसपास असते. पट्टीच्या पोकळीत ओल शोषणारे बारीक दाणे भरतात; नव्या पिशवीच्या किंवा बुटांच्या खोक्यात जी पुडी निघते, त्याच जातीचे. पट्टी आणि काच यांच्यामध्ये ब्युटाइलचा चिकट थर असतो, तो वाफ अडवतो. त्याच्या बाहेरून पॉलिसल्फाइडचा किंवा सिलिकॉनचा दुसरा थर असतो, तो दोन्ही काचा एकमेकींना धरून ठेवतो. आतली हवा कोरडी केलेली असते, काही वेळा तिच्या जागी आर्गॉन वायू भरतात. दोन काचांमध्ये हवेची पोकळी ठेवण्याच्या कल्पनेचे पेटंट टी. डी. स्टेटसन या अमेरिकन माणसाने १८६५ साली घेतले. म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचे रूळ १८६७ मध्ये वऱ्हाड ओलांडून नागपूरला पोहोचत होते, साधारण त्याच काळात. हिवाळ्यात घर गरम ठेवण्याची ज्यांना चिंता, त्या देशांसाठी ही वस्तू जन्मली आणि तिथे तिने आपले काम चोख केले. स्थिर, कोरडी हवा उष्णता फार हळू वाहून नेते, एवढ्या एका गुणावर ती उभी आहे. तो गुण टिकवण्याची सारी जबाबदारी कडेच्या बोटभर रुंदीच्या जोडावर आहे.

हा जोड वऱ्हाडात कशाकशाला तोंड देतो, पाहा. आत कोंडलेली हवा २५ अंशांवर बंद केली असेल आणि मे महिन्यात दुपारी पश्चिमेची काच तापून ती ६० अंशांवर गेली, तर ती मोकळी असती तर साधारण १२ टक्क्यांनी फुगली असती. मोकळी नसल्यामुळे ती दोन्ही काचांना बाहेर ढकलते, काचा किंचित फुगीर होतात आणि कडेचा जोड ताणला जातो. पहाटे ती आक्रसते आणि जोड उलट दाबला जातो. हे रोज होते, फाल्गुनापासून मृगापर्यंत. त्यानंतर पावसाळा येतो आणि खरी झीज तेव्हा होते. स्लायडिंग खिडकीच्या खालच्या रुळाला पाणी बाहेर जाण्यासाठी बारीक भोके किंवा खाचा ठेवलेल्या असतात. उन्हाळ्याच्या वावटळींत त्या मातीने बुजतात. धामणगावसारख्या कापसाच्या बाजारपेठेत तर दिवाळीपासून जिनिंगचा हंगाम चालू झाला की हवेत उडणारे कापसाचे तंतू रुळात येऊन बसतात, मातीशी मिसळतात, आणि पहिल्या पावसात त्यांचा बोळा होतो. पाण्याला वाट राहत नाही. तावदानाची खालची कड मग आठवडेच्या आठवडे पाण्यात बुडून राहते. कडेचे थर भिंतीवरून ओघळणारा पाऊस सोसण्यासाठी बनवलेले असतात, पाण्यात बसण्यासाठी नव्हेत. धुके धरलेल्या कितीतरी खिडक्यांच्या बिघाडाचे मूळ असे एका बुजलेल्या भोकात असते, जे सायकलच्या आऱ्याच्या तुकड्याने दोन मिनिटांत मोकळे झाले असते.

दुसरा शत्रू घरच्याच माणसाच्या हाताने आत येतो. खिडकीतून पाणी झिरपले की काचवाल्याकडून सिलिकॉनची नळी आणून सगळीकडे भरली जाते. बाजारात मिळणारे स्वस्त सिलिकॉन सुकताना व्हिनेगरसारखा आंबट वास सोडते, कारण त्यातून ॲसिटिक आम्ल निघते. एकेरी काचेला त्याने फारसे बिघडत नाही. दुहेरी काचेच्या कडेचे थर मात्र ते खराब करू शकते आणि दोन काचा चिकटवून बनवलेल्या लॅमिनेटेड काचेच्या मधल्या पापुद्र्यालाही ते मानवत नाही. अशा खिडकीला ‘न्यूट्रल’ असे लिहिलेलेच सिलिकॉन मागावे. आणखी एक चूक याहून मोठी: पाणी थांबवायचे म्हणून रुळाची भोकेच सिलिकॉनने बुजवणे. पाणी आत येऊच द्यायचे नाही, असा खिडकीचा हिशेब कधीच नसतो. थोडे येणारच, आलेले बाहेर जावे, असा तो असतो. धाब्याच्या घरांच्या छपराला उतार आणि पन्हळ ठेवणाऱ्या जुन्या गवंड्याला हे पक्के ठाऊक होते.

खिडकीवर ओल दिसली की ती कुठे आहे हे आधी बोटाने पाहावे. खोलीच्या बाजूने पुसली गेली, तर काचेचा दोष नाही, खोलीत दमट हवा कोंडली आहे. बंद खोलीत रात्रभर चाललेला कूलर किंवा आत वाळत घातलेले कपडे हे त्याचे नेहमीचे कारण. बाहेरून पुसली गेली, तर पावसाळ्यात आतला एसी काच थंड करतो आणि बाहेरची दमट हवा तिच्यावर दवासारखी बसते. ऊन वर आले की ती जाते, तिच्यावर पैसा घालवू नये. दोन्हीकडून पुसली गेली नाही, तरच जोड गेला. तिथेही एक खूण पाहावी. धुके सकाळी येते आणि दुपारी जाते अशी अवस्था असेल, तर पट्टीतले दाणे ओलीने नुकते भरले आहेत, काच अजून बराच काळ चालवता येईल. काचेवर आतून पांढरे, न जाणारे डाग पडू लागले असतील, तर ओलीने काचेचा पृष्ठभागच खाल्ला जात आहे आणि ते तावदान बदलावे लागेल. काचेला बारीक भोक पाडून ओल काढून देण्याचा एक उपाय काही ठिकाणी विकला जातो. त्याने दृश्य काही दिवस स्वच्छ होते, पण भरलेले दाणे तसेच राहतात आणि फाटलेला जोड तसाच राहतो. वर आतली हवा बाहेरच्या हवेशी जोडली जाते. टफन्ड काचेला तर भोक पाडताच येत नाही, तिचे तुकडे तुकडे होतात. हा उपाय करू नये, असेच माझे मत आहे.

तावदान बदलायचे म्हणजे खिडकी बदलायची नव्हे, हे या लेखातले सर्वांत खर्च वाचवणारे वाक्य ठरावे. चौकट, पल्ला, बेअरिंग, कुलूप सगळे तसेच राहते. बीडिंगच्या पट्ट्या काढून काचेचा बंद जोड तेवढा बाहेर काढता येतो आणि त्याच मापाचा नवा बसवता येतो. मात्र हा जोड गावातल्या काचेच्या दुकानात हिऱ्याने कापून मिळत नाही. तो कारखान्यात मापाप्रमाणे बनतो आणि काच टफन्ड असेल तर बनल्यावर तिच्यातून सूतभरही कापता येत नाही. म्हणून माप घेताना लांबी-रुंदी दोन-तीन ठिकाणी मोजावी, जाडी दोन्ही काचा आणि पोकळी मिळून लिहून द्यावी, आणि चौकटीत सर्व बाजूंनी तीन ते पाच मिलिमीटर मोकळीक राहील असे माप सांगावे. काच चौकटीला थेट टेकता कामा नये. तिच्याखाली दोन्ही टोकांपासून साधारण पाव अंतरावर कडक रबराचे ठोकळे ठेवावे लागतात, आणि तेही असे की पाण्याची वाट अडणार नाही. हे ठोकळे न ठेवणे किंवा त्यांच्या जागी लाकडाच्या चिपा सारणे, ही घाईच्या कारागिराची नेहमीची चूक आहे आणि दोन पावसाळ्यांत ती नवा जोडही खाते. काचेवर ऊन परतवणारा अदृश्य लेप असेल, तर तो बाहेरच्या काचेच्या आतल्या अंगाला आला पाहिजे. जोड उलटा बसला तर लेप आतल्या काचेवर येतो आणि थंड देशासारखे काम करतो. तपासायला सोपे आहे. रात्री काचेसमोर पेटती काडी धरली की चार प्रतिबिंबे दिसतात, त्यांतले एक वेगळ्या रंगाचे असते. ज्या बाजूने आपण पाहतो तिथून मोजून लेप कुठे आहे ते कळते. कारागीर निघून जाण्याआधी ही काडी पेटवावी.

एवढी निगा मागणारी ही काच वऱ्हाडात आपले काम किती करते, हा खरा प्रश्न आहे, आणि तो हिशेबाने सोडवता येतो. सहा मिलिमीटरची साधी काच उन्हातली सुमारे ८२ टक्के उष्णता आत सोडते. तशाच दोन साध्या काचांचा जोड सुमारे ७० टक्के सोडतो. म्हणजे ऊन अडवण्याच्या बाबतीत दोघींत फार फरक नाही. ऊन हा प्रकाश आहे आणि पारदर्शक काच प्रकाशाला वाट देते, ती एक असो की दोन. फरक आहे तो तापमानातल्या अंतरामुळे वाहणाऱ्या उष्णतेत. एका चौरस मीटरमागे आणि एका अंशाच्या फरकामागे साध्या काचेतून पावणेसहा वॅटच्या आसपास उष्णता जाते, दुहेरीतून पावणेतीनच्या आसपास. आता मे महिन्यातली दुपार घ्या: बाहेर ४५ अंश, आत एसी लावून २८ आणि पश्चिमेच्या खिडकीवर दर चौरस मीटरला ६०० वॅट ऊन. साध्या काचेतून उन्हाची ४९० आणि हवेच्या फरकाची ९७, मिळून ५८७ वॅट उष्णता आत येईल. दुहेरीतून ४२० आणि ४८, मिळून ४६८. म्हणजे पाचवा हिस्सा वाचला. आता साधी काच तशीच ठेवून तिच्या बाहेर बांबूचा तट्टा किंवा जाड जाळी लावली आणि तिने उन्हाचे पाचातले चार भाग अडवले असे धरा. उरलेल्या १२० वॅटपैकी ९८ आत येतील, हवेच्या फरकाचे ९७ येतीलच, मिळून १९५. महागड्या दुहेरी काचेच्या निम्म्याहून कमी. आतल्या पडद्याने हे साधत नाही, कारण पडदा तापतो तो खोलीच्या आत तापतो.

यावर कोणी म्हणेल, छज्जा आहे की. छज्जा दक्षिणेला उत्तम आहे. धामणगाव जवळजवळ पावणेएकवीस अंश अक्षांशावर आहे, त्यामुळे मेच्या शेवटच्या आठवड्यात मध्यान्हीचा सूर्य थेट डोक्यावर येतो आणि दोन फुटांचा छज्जा दक्षिणेची खिडकी पूर्ण सावलीत ठेवतो. पश्चिमेला मात्र तो कामाचा नाही. त्याच दिवसांत दुपारी चार वाजता सूर्य क्षितिजापासून सुमारे ३७ अंशांवर उतरलेला असतो, तेव्हा दोन फुटी छज्ज्याची सावली खिडकीवर जेमतेम दीड फूट पडते. पाच वाजता सूर्य सुमारे २४ अंशांवर असतो आणि सावली फुटाच्या आत येते. चार फुटांच्या खिडकीचा तीन फुटांहून अधिक भाग नेमक्या सर्वांत तापलेल्या वेळी उघडा असतो. पश्चिमेच्या खिडकीला उभे आवरण लागते: खाली-वर होणारा तट्टा, बाहेरची झडप, वेल चढवलेली जाळी, अंगणात झाड. वऱ्हाडातल्या जुन्या घरांत पांढऱ्या मातीच्या जाड भिंती, लहान खिडक्या आणि उंचावर झरोके होते. उन्हाळ्यात दारा-खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या बांधून त्यांवर पाणी शिंपडत. त्या घरांत प्रकाश कमी होता, बायकांचे डोळे चुलीच्या धुराने जात होते, ते दिवस परत आणावेत असे कोणीही म्हणणार नाही. पण ऊन भिंतीच्या बाहेरच थांबवायचे, हे त्यांचे शहाणपण आजच्या सिमेंटच्या घराने उगाच टाकले.

आणि मग कूलर. वऱ्हाडात उन्हाळा कूलरवर निघतो. कूलर बाहेरची कोरडी, तापलेली हवा ओल्या ताट्यांमधून ओढून खोलीत ढकलतो, आणि जेवढी हवा आत आली तेवढी बाहेर गेली तरच तो थंडावा देतो. बारा बाय बाराची, दहा फूट उंच खोली साधारण ४१ घनमीटरची असते. कूलरने ताशी २००० घनमीटर हवा ढकलली असे धरले, तर ती खोली तासात जवळजवळ पन्नास वेळा बदलून निघते. ही हवा जायला समोरची खिडकी उघडी हवी. ती बंद असेल तर खोलीत दमटपणा साचतो, अंग चिकट होते, आणि कूलर खराब आहे असा समज होतो. म्हणजे इथले घर उन्हाळ्याचे चार महिने खिडकी उघडी ठेवून जगते, आणि दुहेरी काच बंद खिडकीतच काम करते. रात्री तर उघडी खिडकी हेच औषध आहे. दिवसभर तापलेल्या स्लॅबची उष्णता पहाटेच्या हवेत काढून टाकली नाही, तर दुसरा दिवस आणखी वाईट जातो. केंद्रीय ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या २०१८ च्या ‘इको निवास संहिते’नेही हे मानले आहे. उष्ण-कोरड्या हवामानात घराच्या चटई क्षेत्राच्या किमान १० टक्के आणि संमिश्र हवामानात साडेबारा टक्के इतकी उघडता येणारी जागा बाहेरच्या दारे-खिडक्या-झरोक्यांत मिळून असावी, असे ती सांगते. चार बाय चारची दोन पल्ल्यांची स्लायडिंग खिडकी सोळा चौरस फुटांची दिसते, उघडते मात्र आठच. नवी खिडकी घेणाऱ्याने काचेच्या जाडीआधी हा आकडा विचारावा.

यावर आक्षेप असा की कूलरचे दिवस सरत आले, आता घरोघरी एसी येत आहे, मग दुहेरी काच लागणारच. आक्षेप वजनाचा आहे. ज्या खोलीत एसी दिवसाचे आठ-दहा तास चालतो, जिची पश्चिमेची खिडकी मोठी आहे आणि जिथे बाहेरून सावली करणे शक्य नाही, उदाहरणार्थ वरच्या मजल्यावरचा फ्लॅट, तिथे ऊन परतवणाऱ्या लेपाची दुहेरी काच खरोखर कामाची आहे. साध्या दोन काचांचा जोड तिथेही नाही. पण हा अपवाद आहे आणि त्यालाही अट आहे. एसीची थंड हवा घरातून जाते ती मुख्यतः फटींतून. पल्ल्याच्या कडेचा ब्रश झिजलेला असेल, दोन पल्ले मिळतात ती मधली पट्टी वाकलेली असेल, चौकट आणि भिंत यांच्यामध्ये गवंड्याने प्लास्टर नुसते लिंपले असेल, तर महागात महाग काचही फटीतून जाणारी हवा थांबवू शकत नाही. ब्रशची पट्टी हार्डवेअरच्या दुकानात मीटरवर मिळते, जुनी ओढून नवी सारायला कसबी हात लागत नाही. आणि एक इशारा: दुहेरी काच बसवल्यावर ऊन जास्त वाटते म्हणून तिच्यावर आतून काळी फिल्म चिकटवू नये. फिल्म उष्णता धरते, आतली काच मधोमध तापते, कडा चौकटीत थंड राहतात, आणि या ओढाताणीत न तापवलेली साधी काच कडेपासून तडकते.

रुळांजवळ राहणाऱ्यांचा आक्षेप वेगळा आणि अधिक खरा आहे. मुंबई-नागपूर-हावडा मार्गावर रात्रंदिवस मालगाड्या धावतात, त्यांचा आवाज झोप मोडतो, मुलांचा अभ्यास मोडतो. आवाजासाठी तरी दुहेरी काच घ्यावी की नाही? इथेही आधी कड. आवाज फटीतून पाण्यासारखा येतो. भिंतीच्या क्षेत्राच्या एक टक्का जरी जागा उघडी राहिली, तर बाकीची भिंत कितीही जाड असो, एकूण अडसर २० डेसिबलच्या पुढे जात नाही. दीड चौरस मीटरच्या स्लायडिंग खिडकीला तीन मीटर लांबीची, दोन मिलिमीटरची फट असली, तर ती साठ चौरस सेंटिमीटर होते, म्हणजे ०.४ टक्का, आणि मग अडसराची मर्यादा २४ डेसिबल. तिथे एक काच असो की दोन, कानाला सारखेच. फटी मिटल्यावर काचेचा प्रश्न येतो, आणि तिथे १२ मिलिमीटरची पोकळी उणी पडते. चार मिलिमीटरच्या दोन काचा आणि मधली हवा मिळून एक स्प्रिंग बनते, ती २५० हर्ट्झच्या आसपास स्वतःच घुमते आणि मालगाडीच्या जड घरघरीचा बराच भाग तिथेच आणि त्याच्या खाली असतो. पोकळी शंभर मिलिमीटर केली तर ती घुमण्याची जागा ८५ हर्ट्झपर्यंत उतरते. म्हणून आवाजासाठी उपाय म्हणजे आहे ती खिडकी दुरुस्त करून, भिंतीच्या आतल्या अंगाला चार इंच अंतर सोडून दुसरा, वेगळ्या जाडीच्या काचेचा, घट्ट बंद होणारा पल्ला बसवणे. भिंत नऊ इंची असते, जागा सापडते. तो स्थानिक कारागीर बनवू शकतो, धुळीसाठी पुसता येतो, रात्री लावता येतो, मे महिन्यात दोन्ही उघडून कूलर चालवता येतो, आणि त्यात ओल धरली तर पंचा फिरवला की संपले. दोन काचांच्या कल्पनेचा हा वऱ्हाडाला मानवणारा अवतार आहे.

राहिली भिंत. जुनी गावे पांढरीवर वसली, शेती काळीत झाली. नवे ले-आउट मात्र काळ्या जमिनीवर पडत आहेत. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसून हातभर भेगा पाडते, आणि उथळ पायाचे घर तिच्याबरोबर वर-खाली होते. त्याची पहिली खूण खिडकीच्या कोपऱ्यात दिसते: तिरकी जाणारी चीर, चौकोन सोडून कललेली चौकट, पावसाळ्यात अडकणारा आणि उन्हाळ्यात सैल होणारा पल्ला. अशा वेळी सुतार पल्ला रंधून देतो, ॲल्युमिनियमवाला बेअरिंग बदलून देतो, आणि पुढच्या मोसमात पुन्हा तेच. चिरेच्या दोन्ही बाजूंना पेन्सिलीने खूण करून तारीख लिहावी आणि वर्षभर अंतर मोजावे. ऋतूप्रमाणे ती उघडत-मिटत असेल, तर खर्च खिडकीवर न करता घराभोवती करावा: भिंतीलगत तीन फूट पक्का, बाहेर उतरता पट्टा, छपराचे पाणी पायापासून लांब नेणारी पन्हळ, भिंतीला खेटून लावलेल्या झाडांचे पाणी बंद. ज्याचे घर अजून बांधायचे आहे, त्याने रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने काळ्या मातीसाठी रूढ केलेल्या, तळाशी फुगीर खांबांच्या पायाची चौकशी इंजिनिअरकडे करावी. चीर चालू असताना तिथे दुहेरी काच बसवणे म्हणजे तिच्या कडेला रोज मुरगाळणे आहे. जुन्या सागवानी खिडकीला या हालचालीचा कमी त्रास होतो, कारण तिचे तावदान खडूची पूड आणि जवसाचे तेल मळून केलेल्या लांबीत बसलेले असते. लांबी थोडी नमते, तडकली तर खरवडून पुन्हा भरता येते. जवस तर विदर्भाचेच पीक. अशा खिडक्या भंगारात देऊन तिथे बारीक सेक्शनच्या स्लायडिंग बसवल्या जातात, हे पाहून वाईट वाटते. त्यांना तेल, नवी लांबी आणि एक बिजागरी हवी असते.

दिवाळीच्या साफसफाईचे दिवस या कामाला सर्वांत योग्य आहेत, कारण पाऊस नुकता संपलेला असतो, ओलीचे डाग ताजे असतात आणि कापसाचा हंगाम अजून भरात आलेला नसतो. पण याच दिवसांत रंगारी घाईने रबरावर आणि ब्रशवर ऑइलपेंट फिरवतो, रुळाची भोके रंगाने बंद करतो. त्याला काम देण्याआधी प्रत्येक खिडकीचा खालचा रूळ झाडून घ्या, भोके तारेने मोकळी करा आणि रुळात तांब्याभर पाणी ओता. ते मिनिटभरात बाहेरच्या बाजूने पडले पाहिजे. पडले नाही, तर रंग थांबवा आणि आधी ती वाट उघडा.